चांदोरचं चोवीस खिडक्यांचं घर

चोवीस खिडक्या एका ओळीत, प्रत्येकीला सज्जा. मडगावहून पूर्वेला चांदोर गावात चर्चजवळ ब्रागांझांचं हे घर उभं आहे, आणि श्रीमंती झाकण्याचा त्याचा अजिबात इरादा नाही. गोव्यातल्या हिंदू जमीनदारांची घरं राजांगणाभोवती आतल्या आत उलगडतात. ख्रिस्ती भाटकारांनी घराचं तोंड रस्त्याकडे फिरवलं. थाट युरोपी, पण भिंतीला चिरा इथल्याच जांभ्याचा. काच दुर्मीळ होती त्या काळात गोव्यातल्या खिडक्यांना शिंपल्यांची पातळ तावदानं बसवत. त्यातून उजेड येतो, उन्हाची तिरीप येत नाही. माझ्या मते पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या बांधकामातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

गाव त्याहून कितीतरी जुनं. हेच भोजांचं आणि पुढे कदंबांचं चंद्रपूर. चांदोर ज्यात येतं तो साष्टी प्रांत पोर्तुगीजांकडे गेला १५४३ मध्ये. घराचे सर्वांत जुने भाग सोळाव्या-सतराव्या शतकांतले मानतात; बाकीचं पिढ्यांनी जोडत नेलं. ब्रागांझा हे खुद्द पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव. आत झुंबरांचं नृत्यदालन, चिनी मातीची भांडी, कोरीव खुर्च्या. पूर्वेकडच्या खासगी चॅपेलमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं नख जपलेलं आहे.

गंमत अशी की राजाच्या नावाच्या या घरातूनच सत्तेला विरोध झाला. लुईश दी मेनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) पत्रकार होते, पोर्तुगीजमध्येच लिहीत. १९०० मध्ये निघालेल्या 'ओ हेराल्दो' या दैनिकाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९११ मध्ये त्यांनी 'ओ देबात' काढलं. १९३० मध्ये पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध पणजीच्या विधिमंडळात ते उभे राहिले आणि गोवेकरांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क त्यांनी मांडला. पश्चिमेकडच्या भागात या घराण्याचं ग्रंथालय आहे, हजारो पुस्तकांचं. झुंबरांपेक्षा तिथे जास्त वेळ थांबावं.

१९५० मध्ये या कुटुंबाला गोवा सोडावा लागला. मुक्तीनंतर, १९६४ मध्ये, कूळ कायदा आला आणि असल्या घरांना पोसणारी भातशेती कुळांकडे जाऊ लागली. छप्पर मात्र तेवढंच राहिलं, दर पावसाळ्याआधी शाकारायला. घराचे आता दोन भाग, दोन शाखांकडे: पश्चिमेला मेनेझिस ब्रागांझा, पूर्वेला परेरा ब्रागांझा. पाहुण्यांच्या देणग्यांवर डागडुजी चालते. जिना एक, दारं दोन, देणगीही दोनदा. खिशात सुटे ठेवावेत.