माणदेश: पर्जन्यछायेतील खोरे

नकाशात नागपूर आणि माण तालुक्यातील दहिवडी पाहा. अरबी समुद्र दहिवडीला कितीतरी जवळ. तरी वर्षाचा सरासरी पाऊस नागपूरला सुमारे ११०० मिमी, तर दहिवडीला ५०० मिमीच्या आसपास. असे का?

दहिवडीपासून सरळ रेषेत सुमारे १०० किमीवर असलेल्या महाबळेश्वरला ५५०० मिमीहून अधिक पाऊस पडतो. बाष्पाने भरलेली हवा सह्याद्री चढताना प्रसरण पावते, थंड होते आणि पाऊस देते. घाटमाथा ओलांडून उतरताना ती दाबली जाऊन तापते; सापेक्ष आर्द्रता घटते, ढग विरतात. हीच पर्जन्यछाया. विदर्भाला मात्र बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा पाऊस मिळतो.

मग माणदेशाला वाळवंट म्हणावे काय? चीनमधील तारीम खोऱ्याशी तुलना करू. तिएनशान, पामीर व कुनलुन पर्वतांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात ताक्लामाकान वाळवंट आहे. तेथील नद्या समुद्राला न मिळता वाळूत किंवा सखल भागात संपतात. पण पर्वतांवरचे बर्फ दर उन्हाळ्यात वितळते. त्यावर काशगर, खोतानसारखी मरूद्याने टिकली. माणगंगा भीमेला मिळते, म्हणून तिचे खोरे बंदिस्त नाही. पाऊसही वाळवंटापेक्षा बराच जास्त. मात्र तिच्या उगमाशी बर्फ नाही. पावसाने दगा दिला, की पात्र कोरडे!

या अनिश्चिततेशी लोकांनी जुळवून घेतले. परतीच्या पावसाची ओल काळ्या मातीत टिकते, तिच्यावर रब्बीची ज्वारी येते. माळावर मेंढ्या आणि काटक खिलार बैल. माणला लागून असलेल्या फलटण भागातील धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोकणात उतरतात. भातकापणीनंतर रिकाम्या शेतांत मेंढ्या बसवायच्या, खताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे आणि पावसाआधी परतायचे. कारण कोकणातला चिखल मेंढीला मानवत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीत दुष्काळाने ओस पडणारे धनगरांचे गाव भेटते, ते याच मुलखातले.

आता विद्यार्थ्यांना एक गणित द्या. ५०० मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर पाणी. उसाला वर्षभरात सुमारे २००० मिमी पाणी लागते. म्हणजे एक हेक्टर उसासाठी चार हेक्टरांवरचा सगळा पाऊस हवा, तोही एक थेंब न वाहता, न उडता! उरलेले पाणी कोठून आणायचे? बेसाल्टच्या भेगांतला साठा मर्यादित असतो. बोअर खोल नेल्याने पाऊस वाढत नाही. म्हणून कोणते पीक घ्यायचे, हा प्रश्न माणदेशात आधी भूगोलाला विचारावा लागतो.