नवोदयची परीक्षा आणि तोंडी हिशेब

आमचा मोठा मुलगा पाचवीत असताना जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेला बसला होता. गणितात तो वर्गात पुढे होता. तरी पेपर देऊन बाहेर आल्यावर म्हणाला, "पप्पा, सहा गणितं राहिली. येत होती, पण वेळच पुरला नाही." ही परीक्षा एका विद्यार्थ्याला आयुष्यात एकदाच देता येते, दुसऱ्यांदा कोणत्याही कारणाने बसता येत नाही. वास्तविक चूक त्याची नव्हतीच. घरी उत्तर पडताळून पाहण्यासाठी आम्हीच त्याच्या हाती मोबाईलमधील कॅल्क्युलेटर देत होतो. दिवसभर आकड्यांत बसणाऱ्या बँकेतील माणसाला एवढे कळू नये, याची खंत आजही वाटते. आता धाकट्या मुलीची तयारी करून घेताना जे ध्यानात आले, ते पालक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

ज्यांच्या घरात शिक्षणाची ही पहिलीच पिढी आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. १९८५-८६ साली देशात पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आमच्या लहानपणी परभणीकरांचे नवोदय म्हणजे वसमत. तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला. सहावी ते बारावीपर्यंत राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सर्व मोफत. नववीपासून विकास निधी म्हणून काही रक्कम घेतात, परंतु मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे यांना तीही माफ आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातील शाळेत झालेली असावी लागतात. मुलाला ऐन पाचवीत शहरात आणून घालणारे पालक या अटीत सापडतात, हे लक्षात ठेवावे.

पेपर मराठीतूनही देता येतो. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी अंकगणिताचे २० प्रश्न, २५ गुण आणि त्यांना साधारण अर्धा तास. म्हणजे एका गणिताला दीड मिनिट. कॅल्क्युलेटर नेता येत नाही. दीड मिनिटात प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, सोडवायचा आणि उत्तरपत्रिकेत गोल काळा करायचा. आमचा मुलगा प्रत्येक गुणाकार पूर्ण मांडून करीत बसला, तेथेच त्याचा वेळ गेला.

प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे छापलेली असतात, त्यांतील खरे ओळखायचे असते. समजा ३४७ गुणिले ६८ दिले आहे आणि पर्याय २३,४९६, २३,५९६, २३,५९२ व ३३,५९६ असे आहेत. ३५० गुणिले ७० म्हणजे २४,५००, उत्तर त्याहून थोडे कमी यावे. ३३ हजारांचा पर्याय गेला. एकक स्थानी सात आठे छप्पन्न, म्हणजे शेवटी ६ हवा. २३,५९२ गेला. उरलेल्या दोघांसाठी अंकांची बेरीज पाहावी. ३४७ चे अंक मिळवले तर १४, पुन्हा मिळवले तर ५. ६८ चेही १४, म्हणजे ५. पाच पाचे पंचवीस, त्याचे ७. आता २३,५९६ ची बेरीज २५, म्हणजे ७, जुळले. २३,४९६ ची येते ६. कागदावर एकही आकडा न मांडता उत्तर हाती आले.

या युक्तीला एक भोक आहे. अंकांची अदलाबदल झाली तर ती चूक पकडत नाही. मात्र बँकेत आम्ही हेच उलट वापरतो. दिवसाअखेर हिशेबात ४५० रुपयांचा फरक आला आणि त्याला ९ ने भाग गेला, की जुने कॅशिअर आधी अंक उलटे पडलेत का ते पाहायला सांगत. ४,७२० चे कोणीतरी ४,२७० लिहिलेले सापडायचे.

मराठी मुलांकडून ही अदलाबदल फार होते, कारण आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा बराच वाद झाला. आम्हाला तो बदल रुचला नव्हता, पण एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुलगी घरात असल्यावर त्यामागची अडचण समजली. तिला आम्ही रोज वीस संख्या तोंडी सांगून लिहावयास लावतो.

पाढे तीसपर्यंत हवेतच. त्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी पुन्हा घरात आणावी. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण बे दीड तीन, तीन दीड साडेचार हे ती झोपेतही म्हणायची आणि बाजारात तिला कोणी फसवू शकत नसे. सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,२०० धरला तर अडीच क्विंटलचे किती? दोनाचे ८,४००, अर्ध्याचे २,१००, झाले १०,५००. शेकडेवारीही अशीच. ६४० चे १५ टक्के म्हणजे दहा टक्क्यांचे ६४ आणि त्याचे निम्मे ३२, मिळून ९६. सरळव्याजाचे सूत्र मुले घोकतात आणि मग गुणाकारात अडकतात. ४,८०० रुपयांचे साडेसात टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज काढायचे तर शंभराला पंधरा, असे ४८ शेकडे, म्हणजे ७२०. क्षेत्रफळ शिकवायला शेतच पुरते. एक गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. ज्या आई-वडिलांना शाळा मिळाली नाही, त्यांनीही हे भाग बिनधास्त शिकवावेत. यासाठी महागड्या शिकवणीची गरज आम्हाला तरी दिसत नाही.

आमच्या घरी सकाळी अर्धा तास ठरलेला आहे. पहिली दहा मिनिटे पेन्सिल बाजूला ठेवून फक्त तोंडी. नंतर घड्याळ लावून दहा गणिते, पंधरा मिनिटांत. दीड मिनिटात वाट सापडली नाही तर खूण करून पुढे जायचे, ही सवय लावणे सर्वांत जड गेले, कारण हुशार मुलाला गणित सोडणे अपमान वाटतो. चुकलेले गणित वेगळ्या वहीत लिहून रविवारी पुन्हा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत अशक्य पर्याय खोडून उरलेल्यांतून एक निवडावा, गोल कोरा सोडू नये. कच्चे काम मात्र ओळीने व स्वच्छ करावे. आमच्या मुलीने एकदा स्वतःचाच ७ हा १ समजून वाचला होता.

ती या हिवाळ्यात परीक्षेला बसेल. सकाळी घड्याळ लावून तिच्यासमोर बसण्याचे काम मोठ्या मुलाने आमच्याकडून मागून घेतले आहे.