कोल्हापूर जिल्ह्यातील महिलांचे आर्थिक निर्णय

कोल्हापूर जिल्ह्यातील महिलांचे आर्थिक निर्णय या विषयात बचत, खर्च, कर्ज आणि मालमत्ता यांबाबत स्त्रियांना असलेल्या निर्णयाधिकाराचा विचार केला जातो. पैसा कोणाच्या श्रमातून येतो आणि त्याचा विनियोग कोण ठरवतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

घरगुती उत्पन्न

ऊस आणि दूध ही जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाची प्रमुख साधने आहेत. उसाचे बिल साखर कारखान्याकडून सभासदाच्या खात्यावर जमा होते. सभासदत्व जमिनीशी निगडित असल्याने ते बहुधा पुरुषाच्या नावे असते. जनावरांची वैरण, शेणघाण व धारा काढणे ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. गोकुळ (स्थापना १९६३) या जिल्हा दूध संघाशी संलग्न गावपातळीवरील संस्थांमध्ये दुधाचे बिल साधारणतः दर दहा दिवसांनी मिळते. ही लहान रक्कम किराणा, औषधे व शाळेच्या खर्चासाठी वापरली जाते आणि तेथे स्त्रीचा शब्द चालतो. जमीन, विहीर वा ट्रॅक्टर यांचे निर्णय मात्र बहुधा पुरुष घेतात.

बचत आणि कर्ज

भिशी हे बचतीचे जुने अनौपचारिक साधन आहे. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. साधारणतः १० ते २० सदस्यांचा गट नियमित बचत करतो व त्यातून आपसांत कर्ज देतो. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) राज्यात असे गट उभारते. मात्र स्त्रीच्या नावे घेतलेले कर्ज कुटुंबातील पुरुषाने वापरल्यास परतफेडीची जबाबदारी तिच्यावरच राहते.

मालमत्ता

हिंदू वारसा कायद्यातील महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने, व पुढे २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही माहेरचे संबंध टिकावेत म्हणून अनेक बहिणी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात.

मोजमाप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार, भारतातील सुमारे ७९ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेले बँक खाते होते. परंतु स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल असा पैसा सुमारे ५१ टक्के स्त्रियांकडेच होता. त्यामुळे केवळ खात्यांच्या संख्येवरून निर्णयाधिकाराचे अनुमान काढता येत नाही.