उडतानाच गाठायचं
शत्रूचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सर्वांत सहज दिसतं कधी? उड्डाणानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. इंजिन धगधगत असतं, वेग पुरता चढलेला नसतो, चकवा देणारी बनावट स्फोटकाग्रं बाहेर पडलेली नसतात. म्हणूनच अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीने लढाऊ विमानावरच रोधक क्षेपणास्त्र बसवण्याची कल्पना पुढे आणली. डिसेंबर २००७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे एफ-१६ मधून सोडलेल्या, फेरफार केलेल्या साइडवाइंडर क्षेपणास्त्राने वर चढणारं रॉकेट गाठलंही. उंचावरची विरळ हवा रोधकाच्या पथ्यावर पडते. खरी अडचण अंतराची. विमानाला प्रक्षेपणस्थळाच्या आसपास तासन्‌तास घिरट्या घालाव्या लागतात. उत्तर कोरियासारख्या लहान देशाभोवती हे कदाचित जमेल. रशिया-चीनच्या पार आतून क्षेपणास्त्र उडालं, तर समुद्रावरचं विमान हात चोळत बसणार.