रस्त्यालाही वाफसा लागतो

मंडळी, शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पाऊस पडून गेला की तो लगेच औत जुंपत नाही. बांधावर उभा राहतो. मूठभर माती उचलतो आणि दाबून पाहतो. मातीचा चिकट गोळा झाला तर म्हणतो, "अजून वापसा नाही." गोळा बोटाने सहज फुटला, तरच औत रानात शिरते. ओल्या रानात औत घातले तर ढेकळे होतात, रान बिघडते. हे त्याला बापाने सांगितलेले असते.

पण हाच शेतकरी त्याच दिवशी ट्रॅक्टर काढतो आणि ओल्या रस्त्याने हाकतो. वाडीचा रस्ताही मातीचाच आहे. रानात आहे तीच माती रस्त्यात आहे. मग रस्त्याला वाफसा नको का? या पाठात आपण तेच पाहू.

आपले शिरूर आणि दौंड हे तालुके कमी पावसाचे. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्यामुळे वर्षातले बरेच महिने आपला रस्ता टणक असतो. चाकामागे धुरळा उडतो. आपल्याला वाटते, रस्ता चांगला आहे. मग जूनमध्ये नाही तर परतीच्या पावसात एकाच रात्री पाणी कोसळते, आणि सकाळी तोच रस्ता ओळखू येत नाही.

असे का होते? आपला काळा खडक लाव्हारसाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो रस जमिनीतून वर आला व थिजला. त्या खडकाची झीज होऊन काळी माती झाली. भीमाकाठी ती फार खोल आहे. या मातीचे कण अगदी बारीक आणि पापुद्र्यांसारखे चपटे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. म्हणून उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात. भेगेत काठी घातली तर हातभर आत जाते. पावसात माती फुगून भेगा मिटतात. मग पाणी खाली मुरत नाही, वरच साचते. वरची माती साबणासारखी निसरडी होते आणि खालची लोण्यासारखी मऊ.

माळावरच्या मुरमाचे तसे नाही. मुरूम भरड असतो. त्यातून पाणी निघून जाते. मुरमाच्या रस्त्याला काही तासांचे ऊन पुरते. काळ्या मातीला दोन-तीन दिवस लागतात. आभाळ असेल तर जास्तच. आणखी एक फसगत असते. वाऱ्याने वरचा थर लवकर वाळतो. रस्ता सुकल्यासारखा दिसतो, पण खाली चिखल तसाच असतो. म्हणून नुसते डोळ्यांनी पाहू नका. काठी रोवून पाहा. काठी सहज आत गेली तर रस्त्याला वाफसा नाही.

आता आमचीच गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी परतीचा पाऊस झाला होता. आमचा कांदा भरून तयार होता. भाव उतरेल अशी आम्हाला भीती वाटली. शेजारी म्हणाले, "गुरुजी, दोन दिवस दम धरा." आम्ही ऐकले नाही. भरलेली ट्रॉली तशीच वाडीच्या रस्त्याने ओढत डांबरी सडकेला नेली. चाके वीतभर रुतत गेली. कांदा बाजारात पोचला. मागे रस्त्याला दोन खोल चाकोऱ्या राहिल्या. रात्री पुन्हा सर आली आणि चाकोऱ्या पाण्याने भरल्या.

दुसऱ्या रात्री वाडीतल्या एका मुलाला गोठ्यात वैरण टाकताना साप चावला. रुग्णवाहिका सडकेपर्यंत आली. ड्रायव्हरने उतरून बॅटरीच्या उजेडात रस्ता पाहिला. तो म्हणाला, "गाडीचं पोट टेकेल. आत आलो तर बाहेर निघणार नाही." त्याचे खरेच होते. मुलाला बाजेवर निजवून चार माणसांनी खांद्यावर घेतले. एरवी गाडीला पाच मिनिटांची वाट. त्या रात्री पाऊण तास लागला. दवाखान्यात लस मिळाली आणि मुलगा वाचला. त्याची आई आम्हाला एका शब्दानेही बोलली नाही. कांद्याला किती भाव मिळाला ते आज आम्हाला आठवत नाही. ती बाज मात्र आठवते.

म्हणून सांगतो, ट्रॅक्टर निघून जातो, चाकोरी मागे राहते. चाकोरीत पाणी साचते. ते पाणी खालची माती आणखी मऊ करते. पुढचे चाक आणखी खोल जाते. एकाच्या घाईने सगळ्या वाडीची वाट बंद होते. ऑस्ट्रेलिया देशात शेकडो मैल मातीचे रस्ते आहेत. तिथे पावसानंतर असे रस्ते बंद केल्याचा फलक लावतात. तो मोडून जो गाडी घालील त्याला मोठा दंड होतो. दंड गाडी अडकली म्हणून नव्हे, बंद रस्त्यावर घातली म्हणून.

पण जाणे भागच असेल तर काय करावे? आधी पायी चालून पुढची वाट पाहावी. ओझे कमी करावे. खालच्या गिअरमध्ये सावकाश, पण न थांबता चालवावे. एकदम ब्रेक दाबू नये, एकदम वळू नये. चाकोरी उथळ असेल तर चाके तिच्यातूनच न्यावीत. खोल असेल तर त्या वाटेने जाऊच नये. मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक अडकते. तो वेळोवेळी काठीने काढावा.

चाक रुतले तर जोराने रेस करू नये. चाक जागीच फिरते आणि आपला खड्डा आपणच खणते. चाकापुढचा चिखल फावड्याने काढावा. तिथे दगड, गोणपाट, उसाचे पाचट किंवा तुराट्या घालाव्यात. बाभळीची फांदी मात्र घालू नये. काट्याने टायर जाईल. गाडी ढकलताना चाकाच्या अगदी मागे कुणी उभे राहू नये.

ओढ्याचे भय चिखलाहून मोठे. आपल्याकडे थेंब नसला तरी वर पाऊस झाला की ओढ्याला लोंढा येतो. पुण्याकडच्या धरणांतून पाणी सोडले की ते मुळा-मुठेतून भीमेत येते. दौंडला आभाळ स्वच्छ असले तरी नदी फुगते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. अर्धा फूट जोराच्या पाण्यात धट्टाकट्टा माणूसही पडतो. एक फूट वाहते पाणी लहान मोटार हलवू शकते. दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही, हे कुणाला दिसते?

आता रस्त्याची निगा. पाणी हा रस्त्याचा वैरी. रस्त्याची पाठ मधे उंच हवी, दोन्ही बाजूंना चर हवेत, आणि चरातले पाणी ओढ्याला जायला वाट हवी. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर तो एक-दोन पावसाळ्यांत गिळला जातो. आधी वरची काळी माती काढावी, दगडाचे सोलिंग करावे, मग मुरूम टाकून दाबावा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी खडी फोडून रस्ते केले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. ते काम आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, तीही रोजगार हमीच्या कामाला जोडून. आपल्या रस्त्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. आता तुम्हाला वाचता येते. ठराव लिहिला की नाही, हे स्वतः वाचून पाहा.

पण सरकारी काम होईल तेव्हा होईल. तोवर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. मोठा पाऊस झाला की रस्त्याला वाफसा येईपर्यंत वाडीतले एकही जड वाहन निघू नये, असे सर्वांनी मिळून ठरवावे. वाफसा आला की ट्रॅक्टरला फळी लावून चाकोऱ्या बुजवाव्यात. एकदा वाळल्या की त्या दगडासारख्या होतात. आणि पावसाळ्यात जिचे दिवस भरत आले आहेत, तिला आधीच सडकेजवळच्या नातलगाकडे नेऊन ठेवावे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. ठेच आम्हाला लागली आहे. आमच्या वाडीत आता पाऊस झाला की ट्रॅक्टर दोन दिवस उभे राहतात. पहिला आमचा उभा राहतो.