हळदीनं शुगर जाते? तपासून पाहू

कुरुंदा, वसमत, औंढा या पट्ट्यात हळद फक्त स्वयंपाकघरात नसते. फेब्रुवारी-मार्चला शेताशेतात ती कुकरमध्ये शिजते, ताडपत्रीवर वाळते, पॉलिश होऊन बाजारात जाते. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. या मालाचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्याच अभिमानातून एक वाक्य सतत कानावर येतं आणि ते ऐकून आता राग येऊ लागला आहे: "शुगरच्या गोळ्या कशाला? घरची हळद आहे की. सकाळी कोमट पाण्यातून घ्या, महिन्याभरात गोळी सुटते."

या समजाला आधार म्हणून मोबाइलवर एक संशोधन फिरवलं जातं. ते संशोधन खरं आहे, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. 2012 मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात थायलंडमधला एक अभ्यास छापून आला. 240 जणांपैकी निम्म्यांना हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल दिल्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. नऊ महिन्यांनी औषध नसलेल्या गटात 16.4 टक्के लोकांना मधुमेह झाला होता, कर्क्युमिनच्या गटात कुणालाच नाही. आकडे लक्ष वेधणारे आहेत. पण या 240 जणांत मधुमेहाचा रुग्ण एकही नव्हता. सगळे उंबरठ्यावरचे, म्हणजे साखर थोडी वाढलेली पण आजार न झालेले. ज्याला दहा वर्षांपासून मधुमेह आहे त्यानं गोळी सोडावी, असं या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही.

आता प्रमाण बघा. त्या लोकांना रोज 1500 मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड दिलं जात होतं. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. म्हणजे तेवढं मिळवायला रोज 50 ग्रॅम हळद, चहाचे सोळा-सतरा चमचे भरून खावी लागेल. पेलाभर पाण्यातल्या अर्ध्या चमच्यानं ते कसं साधणार? शिवाय पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. मिऱ्यातल्या पायपेरीनसोबत ते बरंच जास्त शोषलं जातं, हे 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं. पण जास्त शोषण म्हणजे जास्त गुण असं नाही. 2017 मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कर्क्युमिनचा सविस्तर आढावा आला. माणसांवर शंभराहून जास्त चाचण्या होऊनही काटेकोर दुहेरी-अंध (खरं औषध कुणाला, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या) चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलेलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

गोळी सोडण्याचा तोटा मात्र भक्कम पुराव्यांनी सिद्ध आहे. ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या 'यूकेपीडीएस' या मधुमेहावरच्या अभ्यासातल्या रुग्णांचा चार दशकांहून अधिक काळाचा मागोवा 2024 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. निदान होताच साखर नीट ताब्यात ठेवलेल्यांना त्याचा फायदा आयुष्यभर मिळत राहिला. सुरुवातीलाच मेटफॉर्मिन घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी होते. मेटफॉर्मिन ही स्वस्त गोळी आहे, सरकारी दवाखान्यात मोफतही मिळते. आयसीएमआरच्या 2023 मधल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. गोळी थांबवली की साखर वाढते, पण महिनोन्‌महिने काही दुखत नाही. त्यालाच लोक हळदीचा गुण समजतात. तोवर डोळे, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा खराब होत राहतात.

"हळद नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?" हा याच समजाचा जोडीदार. भाजीतल्या हळदीनं अपाय होत नाही, बरोबर. प्रश्न आहे तो कॅप्सूलचा. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधक-जाळ्यानं हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांपैकी पाच जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुक-प्रकार आढळला. म्हणजे हा धोका सगळ्यांना सारखा नाही, पण तो कुणाला आहे हे आधी कळत नाही. कॅनडात 2018 मध्ये महाधमनीच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या 606 रुग्णांवर कर्क्युमिनची चाचणी झाली. फायदा दिसला नाही, उलट मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण कर्क्युमिनच्या गटात 17 टक्के आणि दुसऱ्या गटात 10 टक्के निघालं. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला: रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णानं हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, दहाच्या वर गेला होता. एवढ्यावर कुठेही रक्तस्राव होऊ शकतो.

हळदीत काहीच नाही, असं मी म्हणत नाही. 2023 मध्ये थायलंडच्याच 206 अपचनाच्या रुग्णांवरच्या चाचणीत कर्क्युमिनचा परिणाम ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या तोडीचा दिसला. तोही रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन देऊन आणि अल्सर नसलेल्या अपचनात. तिथं पुढं संशोधन व्हायला हवं.

"अमेरिकेनंही हळदीचं पेटंट मान्य केलं," हा युक्तिवादही टिकत नाही. जखमेवर हळद लावण्याचं 1995 मध्ये दिलेलं ते पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं लढून 1997 मध्ये रद्द करवलं. मुद्दा एवढाच होता की हे ज्ञान जुनं आहे. हळदीचा गुण तिथं सिद्ध करायचाच नव्हता.

बाकीचे समज थोडक्यात. काविळीत हळद बंद करतात. डोळे पिवळे होतात ते बिलिरुबिनमुळे, वरणातल्या हळदीचा त्याच्याशी संबंध नाही. जखमेत हळद भरली की धनुर्वात टळतो, असं मानतात. तो टळतो फक्त लशीनं. जितकी पिवळीधमक तितकी अस्सल, असंही म्हणतात. पण चकाकीसाठी काही ठिकाणी लेड क्रोमेट मिसळलेलं आढळलं आहे आणि त्यातलं शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं.

हळदीची कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर ती लगेच थांबवून यकृताची तपासणी करून घ्या. शुगरची गोळी मात्र डॉक्टरांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहून सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.