घोडागाडी कलंडते कशी?

टपावर माणसे बसलेली आणि चार-सहा घोडे ओढत असलेली बंद गाडी तुम्ही जुन्या अमेरिकन चित्रपटांत पाहिली असेल. तिला ‘स्टेजकोच’ म्हणतात. ‘स्टेज’ म्हणजे टप्पा. दर टप्प्यावर थकलेले घोडे सोडून ताजे जुंपीत, म्हणून हे नाव.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड हे करमणुकीचे उद्यान १९५५ साली सुरू झाले. तेथे अशा गाड्यांतून मुलांना फेरी मारून आणीत. पण गाड्या होत्या डोईजड. घोडे बुजले, की गाडी कलंडण्याचे प्रसंग येत. १९५९ साली ही फेरी बंद झाली.

घोडे बुजल्यावर गाडी वेगाने पळेल हे खरे. पण ती कलंडावी का?

गाडी वळते तेव्हा तिला आत वळविणारे अभिकेंद्री बल जमीन देते, म्हणजे ते चाकांच्या तळाशी लागते. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र वर असतो आणि जडत्वामुळे तो सरळच जाऊ पाहतो. पाय आत ओढले जातात, डोके बाहेर जाते. गाडी बाहेरच्या चाकांवर उलटू पाहते. तिचे वजन तिला खाली दाबून धरते. ज्याचे परिबल अधिक, त्याची सरशी!

चाके घसरत नाहीत असे धरले, तर गाडी कलंडण्याच्या बेतात येते तो वेग v पुढील सूत्राने मिळतो:

v² = g × r × b ÷ h

येथे r ही वळणाची त्रिज्या, b हे डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्मे आणि h ही गुरुत्वमध्याची उंची. गंमत पाहा, या सूत्रात गाडीचे वस्तुमान कोठेच नाही!

उदाहरणार्थ, r = ६ मीटर आणि b = ०.७५ मीटर घेऊ. h १ मीटर असेल, तर हा वेग ताशी सुमारे २४ किलोमीटर येतो. टपावर माणसे बसून h १.५ मीटर झाली, तर तो १९.५ वर उतरतो. दुडक्या चालीचा घोडा ताशी १३-१४ किलोमीटर जातो, तेव्हा भीती नाही. बुजून चौखूर उधळला, की मर्यादा सहज ओलांडली जाते.

एक प्रयोग करा. खरखरीत कापड लावलेल्या फळीवर एक काड्यापेटी आडवी व एक उभी ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. आधी कोणती पडते? उत्तर मिळाले, की जीपच्या टपावर बसून प्रवास का करू नये, हे वेगळे सांगावे लागणार नाही.